धक्क्याला वाट



नेमबाजी शिकवणाऱ्यांच्या मेळाव्यात अध्यक्षाने खेळाचं महत्त्व, युवाशक्ती, शिस्त असे विषय घ्यावेत अशी आपल्याकडे रीत आहे. ते सगळं उद्घाटनाच्या भाषणात उत्तम होऊन गेलं. मला दिलेला वेळ मी एकाच प्रश्नाला देणार आहे: बार झाला की रायफल मागे येते, तिचं काय करायचं?

याचं एक उत्तर आपल्याकडे तयार असतं. "घट्ट धर, खांद्याला दाबून धर, नाहीतर लागेल." थ्री-नॉट-थ्रीच्या काळात हा सल्ला वाजवी होता. चार किलोच्या रायफलीतून अकरा ग्रॅमची गोळी सेकंदाला सव्वासातशे मीटरहून अधिक वेगाने सुटायची. दस्ता सैल राहिला तर खांदा काळानिळा व्हायचा. आज कॅडेटच्या हातात पॉइंट टू-टूची डिलक्स रायफल असते. तिची गोळी जेमतेम 2.6 ग्रॅमची, वेग सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास. लागण्यासारखं काही उरलेलं नाही, सल्ला मात्र टिकून आहे. आणि माझं मत असं की या सल्ल्याने आपल्या मुलांचे जेवढे नेम बिघडवले, तेवढे वाऱ्यानेही बिघडवले नसतील.

थोडं गणित करू. चांगल्या स्पर्धेच्या रायफलीचं वजन सहा किलो धरा, नळीची लांबी 66 सेंटिमीटर. गोळी पुढे सरकते त्याच क्षणापासून रायफल मागे सरकायला लागते. गोळी बाहेर पडेपर्यंत रायफल थांबून राहते हा गैरसमज आहे. गोळी नळीच्या तोंडाशी येईपर्यंत रायफल सुमारे पाव मिलिमीटर मागे आलेली असते. याला लागणारा वेळ साधारण तीन मिलिसेकंद. माणसाला धक्का जाणवून स्नायूंनी त्याला उत्तर द्यायचं म्हटलं तर त्याच्या पन्नासपट तरी वेळ जातो. तेवढ्यात गोळी 50 मीटरवरच्या कागदापाशी पोहोचलेली असते. तेव्हा धक्का "आवरणं" हा प्रकार मुळात अस्तित्वात नाही. जे काही करायचं ते ट्रिगर दाबण्याआधी. नंतर फक्त कळतं की आपण काय मांडून ठेवलं होतं.

पाव मिलिमीटरने काय होणार, असं कुणी म्हणेल. सरळ मागे आली तर काहीच होत नाही. पण नळीची रेषा खांद्यावरच्या टेकूच्या वर असते, म्हणून रायफल मागे येता येता तोंड वर उचलू पाहते. गोळीला नळीतल्या आट्यांनी फिरकी मिळते, म्हणून रायफल उलट्या दिशेने कलू पाहते. पुढचा टेकू आणि मागचा टेकू यांत 70 सेंटिमीटरचं अंतर असेल आणि मागची बाजू मिलिमीटरचा दहावा भाग खाली गेली, तर 50 मीटरवर गोळी सात मिलिमीटर वर लागते. तिथल्या दहाच्या वर्तुळाचा व्यास 10.4 मिलिमीटर आहे. हिशोब तुम्हीच करा.

ही गोष्ट सगळ्यात बारकाईने कुणी पाहिली असेल तर बेंचरेस्टवाल्यांनी. आपल्याकडे हा खेळ फारसा माहीत नाही. ऑलिंपिकमध्ये तो नाही, आणि आपल्या राष्ट्रीय स्पर्धा ऑलिंपिकच्या प्रकारांभोवती उभ्या आहेत. अमेरिकेत तो विसाव्या शतकाच्या मध्यावर रुजला, पुढे युरोप आणि ऑस्ट्रेलियात गेला. जमिनीत पक्क्या रोवलेल्या काँक्रीटच्या टेबलावर रायफल ठेवायची, पुढे एक टेकू आणि मागे एक वाळूची पिशवी. शंभर किंवा दोनशे यार्डांवर पाच गोळ्या झाडायच्या. मध्यावर लागल्या का, हे कुणी विचारत नाही; पाच छिद्रं एकमेकांपासून किती दूर, एवढंच मोजतात. एनसीसीत आपण ज्याला ग्रुपिंग म्हणतो तेच हे, वेडाच्या टोकाला नेलेलं. तिथे पाचही गोळ्या एकाच फाटक्या छिद्रातून जाणं ही बढाई नसते, अपेक्षा असते.

हलक्या गटातली त्यांची रायफल साडेदहा पौंडांची, म्हणजे पावणेपाच किलोच्या आसपास. काडतूस बहुधा सहा मिलिमीटर पीपीसी, लुई पामिसानो आणि फेरिस पिंडेल या दोघांनी 1970 च्या दशकात घडवलेलं. गोळी सव्वाचार-साडेचार ग्रॅमची, वेग सेकंदाला हजार मीटरपर्यंत. इथे धक्का खराच असतो. गोळी नळीत असतानाच रायफल अर्धा मिलिमीटर मागे येते. आणि तरीही त्यांच्यातले कित्येक जण रायफलीला खांदा लावतच नाहीत. गालही नाही, पकडही नाही. फक्त बोटाचं टोक ट्रिगरवर, आणि तो ट्रिगरही पन्नास-साठ ग्रॅमच्या दाबाने सुटणारा. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणारे आपण सार्वजनिक जीवनात पुष्कळ पाहतो. हे लोक ती कुणाच्याच खांद्यावर ठेवत नाहीत. रायफल पिशव्यांवरून मोकळी मागे घसरते आणि मग हाताने थांबवली जाते.

मोकळी म्हणजे वाऱ्यावर सोडलेली नव्हे. जऊळका रेल्वे, या गावाच्या नावातच रेल्वे आहे, म्हणून एवढी एक उपमा घेतो: रायफल रुळावरून धावल्यासारखी मागे आली पाहिजे, आणि पुन्हा पुढे ढकलली की नेमाचा काटा जिथे होता तिथेच परत आला पाहिजे. त्यासाठी पुढच्या लाकडाचा तळ रुंद आणि सपाट करतात, म्हणजे फिरकीच्या उलट कलणं कमी होतं. पट्टा अडकवायची कडी काढून टाकतात, कारण ती पिशवीला अडते. पिशवी ज्या जागी पहिल्या गोळीला होती त्याच जागी पाचव्या गोळीला हवी. पिशवीत वाळू ठासून भरलेली हवी. सैल पिशवी प्रत्येक बाराबरोबर बसत जाते आणि गोळ्यांची उभी रांग काढते. नळी कधीच टेकवायची नाही. आणि पिशवीशिवाय कडक लाकडावर रायफल ठेवली तर ती उसळते, गोळी वर जाते. यातली एकही गोष्ट महागडी नाही, हे मी मुद्दाम सांगतो.

आता कुणी म्हणेल, आमची मुलं टेबलावर खेळत नाहीत, त्यांना झोपून, गुडघ्यावर आणि उभं राहून खेळायचंय. बरोबर. पण त्या तिन्ही आसनांत शरीराने करायचं काम वाळूच्या पिशवीचंच आहे. 1 ऑगस्ट 2024 ला स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, 451.4 गुणांनी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस. खाशाबा जाधवांच्या 1952 च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूने वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवायला बहात्तर वर्षं लागली. त्या अंतिम फेरीचं चित्रण मुलांना दाखवाल तेव्हा गुणफलक झाकून दाखवा. बार झाल्यावर नळी कुठे जाते आणि कुठे परत येते, तेवढंच पाहायला सांगा. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनचं जागतिक अजिंक्यपद घेतलं, साठ गोळ्यांत 597 गुण. साठ वेळा धक्का बसला, आणि तिच्या शरीराने साठ वेळा त्याला तीच वाट दिली. ताकदीने हे होत नाही. स्नायू गोळीगणिक थकतात, दाब बदलतो. हाडांवर आणि पट्ट्यावर पेललेली रायफल थकत नाही.

आपल्या भागातल्या शिक्षकांना मात्र वेगळंच काही सांगायचंय, आणि हा भाग जरा सावकाश सांगतो.

वाशीमसारख्या जिल्ह्यात नेमबाजीची सुरुवात होते ती एअर रायफलीने. पुण्या-मुंबईच्या मुलांच्या हाती दाबलेल्या हवेच्या टाकीची स्पर्धेची रायफल येते. तिला धक्का जवळजवळ नसतो. आपल्या शाळेत येते ती स्प्रिंगची, नळी मोडून भरायची. सगळे तिला खेळणं समजतात. प्रत्यक्षात धक्क्याच्या बाबतीत सगळ्यात नाठाळ हत्यार तेच. ट्रिगर सुटला की आतला दट्ट्या पुढे झेपावतो आणि रायफल मागे येते. पुढच्याच क्षणी दट्ट्या दाबलेल्या हवेवर आदळतो आणि रायफल पुढे हिसका घेते. हे सगळं छर्रा अजून नळीत असताना. एका बारात दोन धक्के, उलटसुलट दिशांचे. ती घट्ट आवळून धरली, की प्रत्येक वेळी आवळण्याच्या जोराप्रमाणे छर्रा नवी जागा शोधतो. मुलाला वाटतं आपला नेम वाईट. शिक्षकाला वाटतं मुलाचं लक्ष नाही. दोघंही चुकतात आणि गुणवान पोरगं सहा महिन्यांत खेळ सोडतं.

या रायफलीला बेंचरेस्टचा धडा अर्धाच लागू पडतो. ती वाळूच्या पिशवीवर थेट ठेवू नका. पिशवीवर तळहात उघडा ठेवा आणि तळहातावर रायफल, बोटं न मिटता. दस्ता खांद्याला नुसता टेकलेला. तिला हवं तसं उडू द्या, फक्त दर वेळी तळहाताची जागा तीच ठेवा. म्हणजे ज्या मुलांकडे सगळ्यात स्वस्त रायफल आहे त्यांना धक्क्याचं शिक्षण सगळ्यात आधी आणि सगळ्यात कडक मिळतं. योग्य शिकवलं तर हे आपलं भांडवल आहे, असं मी मानतो.

दचकण्याविषयी थोडं. मूल दचकतं ते बहुतेकदा धक्क्याला नव्हे, आवाजाला. म्हणून पहिल्या दिवसापासून कानांवर मफ असलेच पाहिजेत. "फौजी माणसाला काय आवाजाचं" ही मर्दुमकी रेंजच्या बाहेर ठेवा. दचकणं पकडायची जुनी युक्ती अजून चालते: शिक्षकाने मुलाला न दाखवता खऱ्या काडतुसांत डमी मिसळून भरायची. डमीवर ट्रिगर दाबला गेला आणि नळी खाली डुचकली, की सांगायची गरज उरत नाही. मुलगा स्वतःच हसतो.

शेवटी ठरावाविषयी. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना 1951 मध्ये उभी राहिली, तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर. त्यांच्या नावाच्या स्पर्धेला आपल्याकडून मुलं जावीत असं प्रत्येक ठरावात आपण लिहितो. या वेळी ठरावात एक साधी मागणी जोडावी अशी माझी सूचना आहे: जिथे रेंज आहे किंवा होणार आहे, तिथे एक पक्कं टेबल आणि वाळूच्या दोन पिशव्या. स्पर्धेसाठी नव्हे, तपासणीसाठी. रायफल टेबलावर नीट मांडून पाच गोळ्या झाडल्या तर ती रायफल आणि तो गोळ्यांचा डबा काय करू शकतो हे कळतं. मग तीच रायफल मुलाने हातात घेतली की जो फरक दिसेल तेवढाच मुलाचा. आज आपल्याकडे रायफलीचा दोष आणि मुलाचा दोष एकाच कागदावर मिसळून येतो, आणि शिक्षा एकट्या मुलाला होते.

दुपारच्या सत्रात हे करून पाहायचं आहे. एकच रायफल, एकच पिशवी. पाच गोळ्या खांदा दाबून, पाच नुसता टेकवून. कागदांवर मुलांची नावं लिहू नका, फक्त पकड कोणती होती ते लिहा. आणि संध्याकाळी चर्चेला येताना ते कागद सोबत आणा.