चिकनखेरीज स्वस्त प्रथिने

प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळ्यांनी बनलेली, शरीराची बांधणी करणारी आणि झीज भरून काढणारी पोषकद्रव्ये होत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2020 मध्ये प्रौढांसाठी दर किलो वजनामागे रोज सुमारे 0.83 ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली असून, पुण्यातील सामान्य कुटुंबाला ही गरज चिकनशिवायही भागवता येते.

शंभर ग्रॅम कोरड्या हरभऱ्यात किंवा मटकीत सुमारे 20 ग्रॅम, शेंगदाण्यांत सुमारे 25 ग्रॅम, तर सोयाबीनमध्ये 35 ग्रॅमांहून अधिक प्रथिने असतात. एका अंड्यातून सुमारे 6 ग्रॅम मिळतात. कडधान्यांत मेथिओनिन आणि तृणधान्यांत लायसिन ही आवश्यक, म्हणजे शरीराला स्वतः तयार करता न येणारी, अमिनो आम्ले कमी असल्यामुळे मटकीची उसळ आणि ज्वारीची भाकरी एकमेकांची उणीव भरून काढतात. मोड आणल्याने लोहाच्या शोषणात अडथळा आणणारे फायटिक आम्लही घटते.

पुण्यात 1946 मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या नावाने स्थापन झालेल्या आघारकर संशोधन संस्थेने सोयाबीनचे अनेक वाण विकसित केले असून, एमएसीएस 1407 हा त्यांपैकीच एक होय. कच्च्या सोयाबीनमधील ट्रिप्सिनरोधक घटक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणत असल्याने ते भिजवून, नीट शिजवूनच खावे. पिठासाठी ते आधी भाजून घ्यावे आणि गव्हात थोड्या प्रमाणात मिसळावे.