तीन बिघा : भूमी आपली, वाट त्यांची



सीमा म्हटली की काटेरी कुंपण डोळ्यांसमोर येते. अलीकडे आपण, पलीकडे परके. परंतु पश्चिम बंगालच्या कुचबिहार जिल्ह्यात मेखलीगंजनजीक परदेशाचे नागरिक आपल्या भूमीवरून रोज स्वतःच्या गावी जातात. त्या जागेचे नाव तीन बिघा; लांबी सुमारे १७८ मीटर, रुंदी ८५ मीटर. दहग्राम-अंगरपोता ही बांगलादेशी वस्ती भारताने वेढलेली आहे. मायदेशाशी तिला जोडणारी वाट एवढीच. याच पट्ट्यात आपला मेखलीगंज-कुचलीबाडी रस्ता त्या वाटेला छेदतो.

हे घडले कसे? १९५८च्या नेहरू-नून करारात बेरुबाडीचा अर्धा भाग पाकिस्तानला द्यायचे ठरले. घटनादुरुस्तीविना भूमी देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६०मध्ये बजावले. पुढे १९७४च्या करारात दक्षिण बेरुबाडी आपल्याकडे राहिली. दहग्राम-अंगरपोता बांगलादेशाकडे राहिले आणि त्यांना तीन बिघा कायमच्या भाडेपट्ट्याने मिळायचे ठरले. भाडे वर्षाला एक टका, तेही माफ!

कुचलीबाडीचे लोक खवळले. हा पट्टा गेला, तर आपलेच गाव तुटेल, ही त्यांची भीती होती. सीमेवरच्या माणसाची भीती दिल्लीत बसून हसण्यावारी नेता येत नाही. प्रकरण न्यायालयात गेले. भाडेपट्ट्याने सार्वभौमत्व जात नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९०मध्ये दिला. अखेर २६ जून १९९२ रोजी वाट उघडली, तीही दिवसा आणि एक तासाआड! सायंकाळी फाटक बंद झाले की दहग्रामचा रुग्णही रात्रभर अडकायचा. ही वाट चोवीस तास खुली झाली ती २०११मध्ये.

३१ जुलै २०१५च्या मध्यरात्री उभय देशांनी परस्परांच्या प्रदेशातील १६२ वस्त्यांची अदलाबदल केली. दहग्राम-अंगरपोता मात्र तसेच राहिले.

मित्रहो, वाट देणे म्हणजे भूमी देणे नव्हे, हा भेद न्यायालयाने स्पष्ट केला. परंतु तो कुचलीबाडीच्या शेतकऱ्याला आधी समजावून सांगणे हे शासनाचे काम होते. शेजाऱ्याला वाट जरूर द्यावी. मात्र उंबरठा आपला आहे, याची खात्री प्रथम आपल्या घरच्यांना द्यावी. करारावर सह्या राजधानीत होतात; तो पाळायचा असतो सीमेवरच्या माणसाला.