डायनोसॉरचं पुस्तक: कोणत्या लेकराला कोणतं?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

  हातातलं काम चालू राहू द्या आणि कान इकडे द्या.

एरवी आम्ही कर्ज, हप्ते, शेळीपालन, मसाल्याचं पॅकिंग असं बोलतो. आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. विषय आहे डायनोसॉरची पुस्तकं. कोणत्या वयाच्या मुलाला कोणतं घ्यायचं, घेताना काय बघायचं आणि पैसे कुठून काढायचे.

हा विषय गटांच्या बैठकांतूनच आला. काही गटांनी मुलांसाठी पुस्तकांची पेटी करायची ठरवली. मुलांना विचारलं, कसली पुस्तकं पाहिजेत? पोरं एका सुरात ओरडली, डायनोसॉरची! त्यावरून एका बैठकीत चांगलाच वाद झाला. एक मावशी म्हणाल्या, "मेलेल्या जनावरांची पुस्तकं वाचून पोट भरणार आहे का? त्यापेक्षा गाईड घ्या." मग दुसरी ताई हळूच म्हणाली, "माझा पाचवीतला पोरगा धडा वाचताना अडखळतो, पुस्तक उघडायलाच नको म्हणतो. पण त्याला वीस डायनोसॉरची नावं पाठ आहेत. टीव्हीवर बघून. ते पुस्तक तरी तो हातात धरेल." त्यावर बैठकीत कुणी काही बोललं नाही. अशी मुलं प्रत्येकीच्या घरात नाही तर शेजारात आहेत, हे सगळ्यांना माहीत होतं.

वाचायला शिकायचं तर वाचावंसं वाटलं पाहिजे. ज्या मुलाला पुस्तकाची भीती बसली आहे, त्याला त्याच्या आवडीच्या दारातून आत न्यावं लागतं. कुणाचं दार क्रिकेटचं असेल, कुणाचं भुताच्या गोष्टींचं. पुष्कळ मुलांचं ते डायनोसॉरचं असतं. प्राणी मोठा असतो, भीती वाटते, पण तो आता जगात नाही म्हणून मजाही वाटते.

आता वयाप्रमाणे बघू.

पहिली पायरी, तीन वर्षांपर्यंतची बाळं. या वयात पुस्तक वाचायचं नसतं, बघायचं, चाटायचं आणि आपटायचं असतं. म्हणून जाड पुठ्ठ्याच्या पानांचं घ्या. एका पानावर एकच मोठं चित्र असावं आणि कोपरे गोल असावेत. शब्द नसले तरी चालतील. आपण बोट ठेवून म्हणायचं, "हा बघ, केवढी मान! पान खातोय, आपली शेळी खाते तसं." विकत घेणं जमत नसेल, तर जुन्या पुठ्ठ्यावर चित्र चिकटवून घरीच करा. बाळाला फरक कळत नाही. त्याला आईचा आवाज पाहिजे असतो.

दुसरी पायरी, अंगणवाडीची मुलं, तीन ते सहा वर्षांची. त्यांना गोष्ट पाहिजे. एका पानावर एकदोन ओळी आणि तेच तेच वाक्य पुन्हा पुन्हा येणारं, म्हणजे दुसऱ्या दिवशी मूल स्वतःच ते म्हणायला लागतं. दाणदाण पाय आपटणं, गुरगुरणं असे आवाज असतील तर फारच छान. या वयात गोष्टीतला डायनोसॉर बोलला, शाळेत गेला, त्याने चड्डी घातली तरी काही बिघडत नाही. फक्त रक्ताची, फाडून खाण्याची चित्रं टाळा. रात्री मूल दचकून उठलं तर जागरण आपल्यालाच. आणि हे पुस्तक धरून "हा ड, हा य" असं अक्षर शिकवायला बसू नका. मजा जाते.

तिसरी पायरी, पहिली ते तिसरीची मुलं. इथे अक्षरं जुळायला लागलेली असतात. अक्षर मोठं, वाक्यं छोटी आणि जोडाक्षरं कमी बघा. आता गंमत अशी की डायनोसॉरची नावंच भलती लांब असतात. ट्रायसेराटॉप्स, स्टेगोसॉरस. काही जणी म्हणतात, एवढं अवघड लेकराला कसं जमेल? पण हे शब्द मुलं आवडीने फोडून फोडून वाचतात. नाव अवघड असलं तरी चालतं, भोवतालची वाक्यं सोपी पाहिजेत.

पुस्तक मुलाला झेपेल की नाही हे बघायची एक सोपी युक्ती आहे. तिला पाच बोटांची युक्ती म्हणतात. मुलाला कोणतंही एक पान वाचायला द्या. जिथे शब्द अडेल, तिथे एक बोट मिटायचं. पान संपेपर्यंत पाचही बोटं मिटली, तर ते पुस्तक अजून थोडं जड आहे. तेव्हा ते आपण वाचून दाखवायचं. एकदोन बोटं मिटली, तर बरोबर आहे. एकही मिटलं नाही, तर मजेत वाचू द्या. डायनोसॉरची नावं यात मोजू नका. ज्या ताईंना स्वतःला वाचता येत नाही, त्यांनाही ही युक्ती जमते. मूल कुठे थांबलं हे ऐकू येतंच.

चौथी पायरी, चौथी ते सहावीची मुलं. यांना गोष्टीपेक्षा माहिती हवी असते. किती लांब, किती जड, काय खायचा, कोण कोणाला हरवायचा. नकाशे, मोजमापं आणि तुलना असलेलं पुस्तक घ्या. मग मापं आपल्या अंगणात आणा. टी. रेक्स हा मांसाहारी डायनोसॉर साधारण चाळीस फूट लांब होता. आपली नऊवारी सत्तावीस फुटांची. म्हणजे एक अख्खी नऊवारी आणि पुढे अर्धी दुसरी. अंगणात अंथरून दाखवा. गणिताचा तास होतो आणि पोरं आयुष्यभर विसरत नाहीत.

काळाचंही तसंच. डायनोसॉर साधारण तेवीस कोटी वर्षांपूर्वी आले आणि सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी संपले. एवढे आकडे आपल्यालाही पेलत नाहीत. एक दोरी घ्या. एक वीत म्हणजे एक कोटी वर्षं. तेवीस विती मोजा. एक टोक आजचं धरा. तिथून साडेसहा विती मागे गेलं, की डायनोसॉर संपले ती जागा. आणि आपण माणसं? आजच्या टोकाशी फक्त तांदळाच्या दाण्याएवढी जागा.

पाचवी पायरी, सातवीच्या पुढची मुलं. त्यांना विचारायचं असतं, हे कळलं कसं? हाडं कशी सापडली, वय कसं ठरवलं, शास्त्रज्ञांचे मतभेद कशावरून होतात, हे सांगणारं पुस्तक त्यांना द्या. आणि इथे आपल्या मातीतली माहिती असलेलं पुस्तक मिळालं तर सोन्याहून पिवळं. कारण टी. रेक्स अमेरिकेकडचा. आपल्याकडे तो नव्हता. आपल्याकडे दुसरे होते, आणि पुष्कळ होते.

चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला लांब मानेच्या डायनोसॉरची हाडं सापडली. त्याचं नाव इसिसॉरस. त्याच जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसॉरची शेण दगड होऊन सापडली आहे. हसू नका. त्या शेणात शास्त्रज्ञांना गवताचे अंश मिळाले आणि २००५ साली ते जगापुढे आलं. तोपर्यंत समजूत अशी होती की डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतंच. गडचिरोलीत सिरोंचा तालुक्यात वडधमला जीवाश्म उद्यान आहे. जीवाश्म म्हणजे दगड झालेले जुने जीव. गोदावरीच्या खोऱ्यात सापडलेल्या एका डायनोसॉरला बारापासॉरस नाव दिलंय. बंगालीत त्याचा अर्थ मोठ्या पायाचा, आणि नावाच्या दुसऱ्या भागात रवींद्रनाथ टागोर आहेत. गुजरातेत राजासॉरस सापडला. डोक्यावर शिंग असलेला, मांस खाणारा. त्याचं नाव २००३ साली ठेवलं.

मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातली गोष्ट तर आपल्या घरातली वाटावी अशी आहे. तिथे शेतात मिळालेले गोल दगड काही कुटुंबं काकड भैरव म्हणून पुजत होती, शेताची आणि गुरांची राखण व्हावी म्हणून. तपासल्यावर कळलं, ती डायनोसॉरची अंडी. त्याच जिल्ह्यात शास्त्रज्ञांनी ब्याण्णव घरट्यांतली दोनशे छप्पन अंडी मोजली आणि २०२३ साली ते छापून आलं. नांगराला लागलेला वेगळा दगड फेकायच्या आधी जरा बघावा, एवढं आपल्या मुलांना पुस्तकातून कळलं तरी पुष्कळ झालं.

आता दुकानात किंवा जत्रेत पुस्तक हातात आलं, की चार गोष्टी तपासा.

एक. माहितीच्या पुस्तकात माणूस आणि डायनोसॉर एकत्र दाखवलेत का? गोष्टीत चालेल, माहितीत चालणार नाही. त्यांची आपली गाठ कधी पडलीच नाही.

दोन. आकाशात उडणाऱ्या टेरोसॉरला डायनोसॉर म्हटलंय का? ते डायनोसॉरचे नातेवाईक, पण डायनोसॉर नव्हेत. तसाच केसाळ मॅमथ हत्ती. तो फार नंतरचा.

तीन. पुस्तक कोणत्या सालचं आहे? या विषयात नवं नवं सापडत असतं. पुष्कळ डायनोसॉरना पिसं होती आणि आजचे पक्षी त्यांचेच वंशज आहेत, हे चांगल्या नव्या पुस्तकात असतं. म्हणजे आपल्या खुराड्यातली कोंबडी कुणाची नात आहे, ते मुलांना सांगा.

चार. मराठी नीट आहे का? कुठलंही पान उघडून मोठ्याने वाचा. जीभ अडखळली, शुद्धलेखन चुकलेलं दिसलं, तर चित्र कितीही चकचकीत असो, खाली ठेवा.

आणखी एक, आणि हे आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वर आपण वयाच्या पायऱ्या सांगितल्या, पण मूल त्या पायऱ्यांवर मोजून बसत नाही. पाचवीतला मुलगा वाचनात दुसरीच्या पायरीवर असेल, तर त्याला बाळांचं पुस्तक देऊन चारचौघांत लाजवू नका. मोठ्या मुलाला शोभतील अशी खरीखुरी चित्रं आणि कमी मजकूर, असं पुस्तक बघा. चित्राखालच्या दोन ओळी तो आज वाचेल, उद्या चार. कुणी त्याला हसायचं नाही, हा पेटीचा पहिला नियम करा.

दुसरा नियम मुलींसाठी. "डायनोसॉर पोरांचं, तू परीचं घे" असं म्हणायचं नाही. पेटी उघडली की जिला जे हवं ते तिने उचलावं. हाडं शोधणाऱ्या आणि त्यावर अभ्यास करणाऱ्या बायका आहेत, आपल्या देशातही आहेत.

आता पैशाचं. गटात दहा जणी आहोत आणि प्रत्येकीने महिन्याला वीस रुपये वेगळे टाकले, तर वर्षाला दोन हजार चारशे होतात. बचतीला किंवा कर्जाच्या पैशाला हात लावायची गरज नाही. बैठकीत ठराव घ्या, इतिवृत्तात लिहा आणि पावती जपून ठेवा. सगळी पुस्तकं एकाच पायरीची घेऊ नका. ग्रामसंघात चारपाच गट असतील, तर प्रत्येकाने वेगळी पुस्तकं घ्यावीत आणि दर महिन्याला पेट्यांची अदलाबदल करावी. त्याच पैशात चारपट वाचन. घेण्याआधी शाळेच्या कपाटात काय आहे ते गुरुजींना विचारा. कितीतरी पुस्तकं तिथे कुलपात पडून असतात. मोबाइलवर स्टोरीवीव्हर नावाच्या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट वाचता येतात, वाचनाच्या चार पातळ्यांप्रमाणे लावलेल्या असतात आणि छापूनही घेता येतात.

पुस्तक फाटलं तर मुलाला दंड लावू नका. चिकटपट्टी द्या आणि त्याच्याकडूनच चिकटवून घ्या. दंडाच्या भीतीने पुस्तक पेटीतच राहिलं, तर ते घेऊन काय उपयोग?

शेवटी, ज्या ताया म्हणतात, "आम्हालाच वाचता येत नाही, आम्ही काय करणार?" त्यांच्यासाठी. संध्याकाळी भाकरी थापताना लेकराला चुलीजवळ बसवा आणि म्हणा, मला वाचून दाखव. चित्र बघून विचारा, हा काय खातोय, याची शेपूट अशी का? मुलाला फार अभिमान वाटतो की आपल्या आईला न येणारी गोष्ट आपण सांगतोय. ऐकणारी आई मिळाली, की वाचणारं मूल तयार होतं. त्यासाठी आपल्याला अक्षर येण्याची वाट बघायला नको.

येत्या बैठकीत एवढंच करा. आपल्या गटातल्या मुलांची यादी काढा, प्रत्येकापुढे वय लिहा आणि ते किती वाचतं तेही लिहा. यादी हातात असली की दुकानदार काय देतो ते घ्यावं लागत नाही, आपल्याला काय पाहिजे ते मागता येतं.

तुमच्या पेटीत काय काय आलं, ते आम्हाला नक्की कळवा.