प्रबंधाचा प्रश्न कोठून येतो?
(संशोधक विद्यार्थी व मार्गदर्शक यांच्यासमोरील भाषणाचा मजकूर)

सीबीडी बेलापूर येथे राहून नव्या शहरावर पीएच.डी. करू पाहणाऱ्यास साधनांची वाण नाही. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी या योजनेखाली आल्या. जानेवारी १९८४ मध्ये मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात जासई परिसरात गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली.

आता समजा, एका विद्यार्थ्याने किती खातेदारांना भूखंड मिळाले याचा तक्ता केला. काम कष्टाचे आणि उपयुक्तही. परंतु तो अहवाल झाला. दुसऱ्याने एका गावात वाटप लवकर का झाले व शेजारच्या गावात का रखडले, याची तुलना केली. येथे विचारास आरंभ झाला. तिसऱ्याच्या लक्षात आले की, तक्ता सातबाऱ्यावरील नावांवरून तयार होतो. मग मिठागरावरील मजूर, खाडीत मासेमारी करणारा कोळी, उताऱ्यावर नाव न चढलेली बहीण यांचे काय? ‘प्रकल्पग्रस्त’ कोणास म्हणावे, ही व्याख्याच त्याने तपासावयास घेतली. साधने बव्हंशी तीच, पण विद्वत्तेची पायरी वेगळी. अध्यापन पद्धतीच्या पुस्तकांत ही पायरी क्वचितच दाखविली जाते.

मात्र प्रश्न मोठा असला म्हणजे उत्तर आपल्या मनाजोगते येते असे नाही. इरावती कर्वे १९२८ च्या सुमारास बर्लिनला गेल्या. मानवशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक. मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानता हा विषय, आणि तिचा वंशाशी संबंध असावा ही मार्गदर्शकांची अपेक्षा. कर्वे यांनी कवट्या मोजल्या. तसा संबंध आढळला नाही, आणि त्यांनी तेच लिहिले. परक्या देशात, पदवी ज्यांच्या हाती त्यांच्याच मताविरुद्ध! पदवी मिळाली, पुढे फिशर यांचे वंशविचार नाझी राजवटीच्या कामी आले, हे जगाने पाहिले.

याच विदुषीने पुढे जाई निंबकर यांच्यासह कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्यांची पाहणी केली. ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. बेलापूरच्या विद्यार्थ्याने ती आधी वाचावी.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम बंधनकारक आहे. त्यातून पद्धती कळते. परंतु ‘कोणता पुरावा मिळाला तर तुम्ही हे मत सोडाल?’ हा प्रश्न मार्गदर्शकानेच प्रत्येक प्रकरणावर विचारावा लागतो, आणि विद्यार्थ्याचे उत्तर आपल्या ग्रंथाविरुद्ध गेले तरी ऐकून घ्यावे लागते. तेच बहुधा अवघड.

तलाठी, ग्रामसेवक आणि उरण-पनवेल भागातील पंचायत सदस्य यांच्याकडे असे विद्यार्थी आकडे मागावयास येतात. आकडे द्यावेतच, त्याबरोबर यादीत ज्यांचे नाव कधीच आले नाही, अशा दोन-चार घरांचा पत्ताही सांगावा.