ऐतिहासिक पोषाखांची शिवण
(ज्युबिली महोत्सवांत झालेलें भाषण)



आजच्या या आनंदाच्या प्रसंगीं चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हां आमच्या मनांत प्रथम संकोचच उत्पन्न झाला. आम्ही पंडित नव्हे, वक्तेही नव्हे. फावल्या वेळीं सुई-दोरा घेऊन जुन्या काळचे पोषाख शिवणारीं चार-पांच माणसें. नाताळच्या देखाव्यांतले राजे आणि मुलांच्या नाटकांतले मावळे आपण सर्वांनीं पाहिले आहेत. त्यांचे अंगरखे कसे सिद्ध होतात, एवढेंच निवेदन करावयाचें आहे. त्याबरोबर एक चूकही कबूल करावयाची आहे. ती शेवटीं सांगूं.

हा छंद धरला तेव्हां आम्हीं प्रथम अजिंठा गांठलें. जळगांवाहून हीं लेणीं सुमारें ६० किलोमीटरांवर. आपल्यापैकीं बहुतेकांनीं तीं पाहिलींच असतील. परंतु शिंप्याच्या डोळ्यांनीं पाहिल्यास तेथें निराळेंच कांहीं दिसतें. इसवी सनाच्या पांचव्या शतकांत, वाकाटकांच्या अमदानींत रंगविलेल्या त्या चित्रांत राजे व राण्या बहुधा न शिवलेल्या वस्त्रांतच आहेत: कमरेला नेसलेलें एक, खांद्यावरून घेतलेलें दुसरें, आणि मध्यें कमरबंद. शिवलेले कपडे दिसतात ते सेवकांच्या, सैनिकांच्या, नर्तकींच्या व परदेशी लोकांच्या अंगावर. आम्ही मात्र राजा म्हटला कीं मखमल कापून झगा बेतावयास बसत होतों! कापडाला कातर कोठें लावूं नये, हा पहिला धडा आम्हांला त्या चित्रांनीं दिला. पुढें तो आम्ही विसरलों, हें आमचें दुर्दैव.

या चित्रांच्या नकला करणाऱ्यांची कथाही ऐकण्यासारखी आहे. मेजर रॉबर्ट गिल यांनीं १८४४ पासून कित्येक वर्षें अजिंठ्यास राहून नकला उतरविल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें त्या मांडल्या असतां १८६६ च्या आगींत बहुतेक जळून गेल्या. गिलसाहेब १८७९ मध्यें वारले. त्यांची कबर आपल्या भुसावळांत आहे. त्यांच्यामागून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून खपले. त्यांच्याही पुष्कळ नकला १८८५ मध्यें लंडनांतच आगीच्या भक्ष्यस्थानीं पडल्या. नकलेचें काम हलकें मानणाऱ्यांनीं या माणसांचें आयुष्य आठवावें.

त्याच जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थिनी भानु अथैया. त्यांचा जन्म कोल्हापुरांत १९२९ सालीं झाला. १९६६ च्या ‘आम्रपाली’ चित्रपटाचे पोषाख त्यांनीं अजिंठ्याच्या चित्रांवरून बेतले. ‘गांधी’ या चित्रपटाच्या पोषाखांसाठीं १९८३ सालीं जॉन मोलो यांच्यासमवेत त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळालें. तें मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. आपल्या पश्चात् तें नीट जतन व्हावें म्हणून २०१२ सालीं त्यांनीं तें संस्थेच्याच स्वाधीन केलें, आणि २०२० मध्यें त्या निवर्तल्या. ज्या चित्रपटाला हा मान मिळाला, त्यांत पुष्कळसें काम धोतरांचें, साध्या लुगड्यांचें व खादीचें होतें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. बालपणीं जळगांवास नातलगांकडे राहून गाणें शिकलेले बालगंधर्व भरजरी शालूंसाठीं प्रसिद्ध; परंतु १९१९ सालीं रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’ नाटकांत सिंधूच्या भूमिकेसाठीं ते ठिगळांचें लुगडें नेसले, आणि लोकांचे डोळे भरून आले. पोषाखाची किंमत जरीवर नसते. तो त्या माणसाचा वाटावा लागतो.

आतां प्रत्यक्ष शिवणीविषयीं थोडेंसें. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरच्या दिवशीं धुळ्यास निवर्तले. त्यांचा संग्रह जतन व्हावा म्हणून तेथें राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झालें. जुन्या काळाचा आदर कसा करावा, हें अशा ठिकाणीं शिकावें. पेशवाईंतील कागदांत शेले, दुपेटे, पागोटीं, मंदील, किनखाप अशीं नांवें वाचलीं कीं, आपण सरसकट सर्वांना एकच फेटा बांधतों याची लाज वाटूं लागते. जुन्या मागाचा पन्हा लहान, व कापड मोलाचें. म्हणून शिंपी अंगरखा सरळ तुकड्यांत बेती, घेरासाठीं कळ्या जोडी, काखेंत चौबगला घाली. चिंधीसुद्धां फुकट जात नसे. हात वर केला तरी असा अंगरखा ओढला जात नाहीं. एलियस हौ यांनीं शिवणयंत्राचें पेटंट १८४६ सालीं घेतलें. त्याआधींचा पोषाख असेल, तर निदान दिसणारी शिवण हातानेंच घालावी. पहिला कृत्रिम रंग विल्यम पर्किन यांना १८५६ सालीं सांपडला. त्यापूर्वींचे रंग निळीचे, आलीच्या मुळांचे, हळदीचे. आपल्या खानदेशांतील फैजपूर एके काळीं रंगाई व छपाईसाठीं नांवाजलेलें होतें. दुकानांतला झगझगीत गुलाबी रंग शिवकाळाच्या माथीं मारण्याचें कारण नाहीं.

आतां ती चूक. कांहीं वर्षांपूर्वीं नाताळच्या देखाव्यासाठीं आम्ही तिघां राजांचे पोषाख शिवत होतों. आपल्या मंडळींतील एका वृद्ध आजींनीं स्वतःच्या आईचें जरीच्या पदराचें रेशमी लुगडें आणून दिलें व म्हणाल्या, “बाळांनो, राजाच्या अंगावर घाला.” आम्हीं तें मेजावर पसरलें, खडूनें रेषा ओढल्या, आणि पदर कापला. झगा सुरेख झाला, सर्वांनीं वाखाणला. सण आटोपल्यावर आजी लुगडें परत न्यावयास आल्या. मातीला जातांना तेंच अंगावर असावें, अशी त्यांची इच्छा होती. त्यांना वाटलें होतें, आम्ही तें राजाच्या खांद्यावरून नुसतें पांघरूं. अजिंठ्यास आम्हीं हेंच तर पाहिलें होतें!

आजी रागावल्या नाहींत. पदराचा तुकडा हातांत धरून नुसत्या उभ्या राहिल्या. त्या रागावत्या तर बरें झालें असतें.

आठ दिवस खपून आम्हीं झगा उसवला, आणि त्याच लुगड्याच्या कडेचे धागे ओढून, बारीक सुईनें पदर पुन्हां जोडला. जुनें रेशीम टांक्याला फाटे, म्हणून मागून मलमल दिली. तरी जोड दिसावयाचा तो दिसलाच. पुढें आजी वारल्या, तेव्हां तेंच लुगडें त्यांना नेसविलें. जोड आला तो भाग त्यांच्या लेकीनें जपमाळ गुंडाळलेल्या हातांखालीं घेतला.

योहानकृत शुभवर्तमानांत सांगितलें आहे कीं, प्रभूचा झगा बिनशिवणीचा, सबंध विणलेला होता. म्हणून शिपायांनीं तो फाडला नाहीं, त्यावर चिठ्ठ्या टाकल्या. तें वाचतांना आतां आमची मान खालीं जाते.

तेव्हांपासून आमचा नियम असा: जुन्या वस्त्राला कातर लावावयाची नाहीं. त्याचीं मापें घ्यावयाचीं, कागदावर आकृति काढावयाची, ती प्रथम मांजरपाटांत शिवून पाहावयाची, आणि मगच नवें कापड बेतावयाचें. आपल्या पेटींत आजीचें लुगडें, आजोबांचें पागोटें, बारशाचें कुंचडें कांहीं असेल, तर तें जरूर दाखवावयास आणावें. आम्ही तें पाहूं, टिपून घेऊं, आणि घरधन्यांच्या देखत घडी करून परत देऊं. त्या वेळीं मेजावर कातर नसेल, हें आमचें वचन आहे.