दाराला कुलूप नव्हतं



१९९८ च्या जानेवारीत जपानमध्ये एका होतकरू विनोदी नटाची चिठ्ठी सोडतीत निघाली. नाव तोमोआकी हामात्सु; चेहरा लांबट, म्हणून टोपणनाव नासुबी, म्हणजे वांगं. निर्माते तोशिओ त्सुचिया यांनी त्याला टोकियोतल्या एका खोलीत नेलं, अंगावरचे सगळे कपडे उतरवायला लावले आणि अट सांगितली : मासिकांतल्या बक्षीस-स्पर्धांची कार्डं भरायची, मिळेल त्यावर जगायचं, दहा लाख येनची बक्षिसं जमली की सुटका. कॅमेरा त्याला दिसत होता. पण हे चित्रण बहुधा दाखवलं जाणार नाही, असं त्याला सांगितलेलं होतं. प्रत्यक्षात निप्पॉन टीव्हीवर दर आठवड्याला लाखो लोक ते बघत होते.

काय बघत होते? तांदूळ जिंकलेत पण शिजवायला भांडं नाही, असा एक उपाशी माणूस. पुढे तो कुत्र्यांचं खाणं खाताना दिसतो. पार्सल आलं की आनंदाने नाचतो. त्याची नग्नता झाकायला पडद्यावर वांग्याचं चित्र, आणि मागून हशा. त्याची रोजनिशीसुद्धा तो आत असतानाच पुस्तकरूपाने निघाली आणि धडाक्याने खपली. लिहिणाऱ्याला पत्ताही नव्हता!

जवळजवळ अकरा महिन्यांनी दहा लाख भरले. मग बक्षीस म्हणून त्याला कोरियात नेलं आणि तिथे पुन्हा एका खोलीत बसवलं : आता परतीच्या भाड्याचे पैसे जमव. शेवटी टोकियोत आणून आणखी एका खोलीत ठेवलं. सवयीने त्याने आपणहून कपडे उतरवले, आणि त्या खोलीच्या भिंती कोसळल्या. तो स्टुडिओत उभा होता आणि समोर प्रेक्षक टाळ्या वाजवत होते.

यावर ठरलेला बचाव असा, की दाराला कुलूप नव्हतं. खरं आहे. पण जागचं न हलणंच अशा वेळी सुरक्षित वाटू लागतं, हे नासुबीनेच पुढे सांगितलं आहे. आणि आपण कशात सापडलो आहोत हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने कशातून बाहेर पडायचं? चित्रणाला दिलेला होकार हा तमाशा होण्याला दिलेला होकार नव्हे.

त्सुचियांचा दोष सर्वांत मोठा, यात मला शंका नाही. पण प्रेक्षकांना मी सोडणार नाही. त्याला काही माहीत नाही, हे त्यांना माहीत होतं. किंबहुना मजा होती ती त्यातच. एकाने जरी खरं सांगितलं असतं तरी खेळ तिथेच संपला असता. म्हणजे हसणाऱ्या प्रत्येकाला ती फसवणूक चालू राहायला हवी होती. आज लोकलमध्ये तोंड उघडं टाकून झोपलेल्या प्रवाशाचा व्हिडिओ आपल्या फोनवर येतो, तेव्हा आपणही त्याच प्रेक्षागृहात बसलेले असतो.

मग छुप्या कॅमेऱ्याची साधी गंमतही वर्ज्य का, असं कुणी विचारेल. माझ्या मते नाही. मात्र गंमत झाल्याबरोबर त्या माणसाला सगळं सांगितलं पाहिजे, दाखवलं पाहिजे. आणि ‘पुसून टाका’ असं तो म्हणाला, तर त्याच्यादेखत, दुसऱ्या कुणी बघण्याआधी, ते पुसलं गेलं पाहिजे.