पाण्याचा हिशेब आणि उद्याचे नागरिक
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



पाणी या विषयावर मी आपणांस काही नवे सांगावे अशी स्थिती नाही. आपणांपैकी बहुतेकजण खेड्यात वाढलेले आहात. उन्हाळ्यात विहिरीचा तळ कसा दिसतो हे आपण मजहून अधिक जाणता. म्हणून उपदेश न करता माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीपासून आरंभ करतो.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी एका कोरडवाहू गावी चौथीचा वर्ग शिकवीत होतो. चैत्र लागला आणि एका हुशार मुलीच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा वाढू लागल्या. एके दिवशी ती आली तेव्हा मी तिला रागाने वर्गात उभे केले. ती काहीच बोलली नाही. तिचा धाकटा भाऊ मात्र उठून म्हणाला, “गुरुजी, ताई टँकरच्या रांगेत असते.” त्या वेळी फळ्यावर माझ्याच अक्षरात ‘पाणी हेच जीवन’ हा सुविचार लिहिलेला होता!

दुसऱ्या दिवशी मी तो सुविचार पुसला आणि मुलांना एक काम दिले. आठवडाभरात घरी पाण्याच्या किती खेपा होतात, त्या कोण करते व किती वेळ जातो, हे लिहून आणावयाचे. आठव्या दिवशी आकडे फळ्यावर मांडले, तेव्हा जवळजवळ सर्व खेपा आई, आजी आणि ताई यांच्याच नावे निघाल्या. हे मी सांगितले नाही. मुलांनी स्वतः पाहिले. तो तक्ता त्याच मुलीने ग्रामसभेत वाचून दाखविला. त्यामुळे गावचे पाणी वाढले नाही. परंतु टँकर शाळा सुटल्यावर यावा असा ठराव झाला आणि ती मुलगी परीक्षेस बसली.

बंधुभगिनींनो, नेतृत्व ते हेच. ते वक्तृत्वस्पर्धेत मिळत नाही. जे डोळ्यांनी पाहिले ते मोजावे, जे मोजले ते चारचौघांत निर्भयपणे मांडावे, यातून ते येते.

यास साधनेही फार लागत नाहीत. सरळ कडांची, तोंडाशी व तळाशी सारख्याच रुंदीची एक काचेची बरणी आणि एक पट्टी एवढ्यावर पर्जन्यमापक तयार होतो. तो झाडापासून व पागोळ्यांपासून दूर, मोकळ्या जागी ठेवावा आणि रोज सकाळी साडेआठ वाजता मोजणी करावी. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, एवढे सूत्र मुलांना पुरते. वर्गाचे छप्पर १० मीटर लांब व ६ मीटर रुंद असेल, तर २५ मिलिमीटरच्या एका पावसात त्यावर १,५०० लिटर पाणी पडते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. तेवढेच पाणी त्याच २५ मिलिमीटर पावसात अवघ्या दोन हेक्टर रानावर पडते! हे गणित मुलांनी स्वतः सोडविले, म्हणजे बांधबंदिस्ती कशासाठी हे निराळे सांगावे लागत नाही.

तीच गोष्ट गळक्या नळाची. लिटरभर भांडे दहा मिनिटांत भरत असेल, तर दिवसाकाठी १४४ लिटर पाणी वाया जाते. जल जीवन मिशनने २०१९ पासून ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. म्हणजे दोन माणसांच्या वाट्याहूनही अधिक पाणी मोरीत गेले!

हिशेबाने गाव कसे सावरते याचे उदाहरण नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील हिवरे बाजार आहे. पोपटराव पवार तरुण वयात तेथे सरपंच झाले. डोंगरउतारावर चर खोदले गेले, झाडे लागली. परंतु खरी शिस्त पुढची आहे. पडलेल्या पावसाचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडावयाचा आणि त्यावरून पिके ठरवावयाची. शेतीसाठी विंधनविहीर घ्यावयाची नाही, ऊस लावावयाचा नाही. पाणी अडविणे हे काम अवघड खरे; पण अडविलेले पाणी वाटून वापरणे त्याहून अवघड. तो संयम लहानपणीच अंगी बाणला पाहिजे.

दोन गोष्टींची सावधगिरी मात्र बाळगावी. विहिरीची पातळी मोजताना मुलांना काठाशी जाऊ देऊ नये. दोरी शिक्षकाने किंवा पालकाने सोडावी, नोंद मुलांनी करावी. दुसरे असे की, मुलांच्या नोंदींतून कोणाचा दोष उघड झाला तर त्याचा रोष मुलांवर येऊ नये. तेथे आपण पुढे उभे राहावे.

२२ मार्चला जागतिक जलदिन येतो. त्या दिवशी प्रभातफेरी अवश्य काढा. परंतु माझी विनंती अशी की, मृगाच्या पहिल्या सरीपासूनच पाण्याची एक वही शाळेत सुरू करा आणि ती मुलांच्या हाती द्या. हजेरीपटात एखादी खूण पडली, तर आधी ती वही उघडून पाहा. मी पाहिली नव्हती. आपण पाहाल, असा मला विश्वास वाटतो.